आपा, तो फिल्टर तुझ्या दुकानातला नव्हता

आपा, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा सनानं, तुझ्या सुनेनं, दुकान उघडलं. ती काउंटरवर बसली आणि मी बाजूच्या स्टुलावर, तू मला बसवायचीस तिथंच. पहिलाच आलेला रिक्षावाला म्हणाला, "आपा कुठंयत?" तू गेल्याचं मीच सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या रिक्षाचा नंबर त्यांना पाठ होता," आणि काही न घेताच निघून गेला. दुपारी परत आला तेव्हा क्लच वायर घेऊन गेला.

लोक तुझ्याबद्दल काय बोलतायत ते कळवायला मी हे लिहीत नाहीये. ते तुला ऐकायला आवडलंही नसतं, "कामाचं बोल गो" म्हणाली असतीस. मला तुला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. ती सांगायला मला चांगलं दीड वर्ष मिळालं होतं. रोज दुकानावरून जात होते, रविवारी तर तुझ्या शेजारीच असायचे. तरी नाही सांगितली. पण ती सांगण्याआधी जरा मागे जाते, कारण आपली सुरुवातच मला फार आवडते.

आमचं ऑफिस वाशीहून द्रोणागिरीच्या गोदामात हललं, त्याच वर्षीची गोष्ट. अर्ध्या बायकांनी नोकरी सोडली. मी सोडली नाही. जुनी डिझेल गाडी घेतली, चाळिसाव्या वर्षी लायसन काढलं आणि सानपाड्याहून रोज ट्रेलरच्या मधून जायला लागले. आमच्या जालन्याकडच्या घरात गाडी चालवणारी मी पहिली बाई. पहिले सहा महिने मी हवेत होते. मग एक दिवस गव्हाण फाट्याच्या पुलावर चढताना गाडीनं दोन झटके दिले आणि बंद पडली. मागे कंटेनरवाले हॉर्न मारतायत, आणि मी किल्ली फिरवत बसलेय. पाच-सात मिनिटांनी आपोआप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यात चार वेळा.

गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, पंप गेलाय, उतरवावा लागेल. नवऱ्यानं, मिलिंदनं, सरळ सांगितलं, "विकून टाक. आणि रोज तिकडं जायचं तरी कशाला, इथं जवळ बघू काहीतरी." तो वाईट बोलत नव्हता, त्याला पुलाची भीती वाटत होती. पण मला ते ऐकून रडू आलं. गाडी गेली तर नोकरी जाणार होती, आणि ती नोकरी मी अठरा वर्षं केली होती.

गॅरेजवाल्यानं पंपाच्या सामानाची चिठ्ठी लिहून दिली होती. ती घेऊन मी तुझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात आले. काउंटरवर तू. डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा, समोर चहाचा अर्धा ग्लास. मी काय विचारलं आठवतंय? "भाई नाहीयेत का?" हे तुला दिवसातून दहा जण विचारायचे. तुझ्या नवऱ्याला, भाईंना, अर्धांगवायू झाल्यापासून दुकान तूच चालवत होतीस, हे मला कुठं माहीत. तू म्हणालीस, "भाई घरी हायत. सामान इथं हाय. बोला."

मी चिठ्ठी दिली. तू वाचलीस, घडी घातलीस आणि परत माझ्या हातात दिलीस.

"चढावर मरते?"

"हो."

"थांबलं की परत चालू होते?"

"हो, पाच मिनिटांनी."

"डिझेलचा फिल्टर कधी बदललास?"

मी विचारलं, "डिझेलला पण फिल्टर असतो?"

तू हसलीस. पण त्या हसण्यानं मला लाज नाही वाटली, उलट आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं. म्हणालीस, "पंप कोनाला उघडू देऊ नको. इंजिनाचा गळा दाबलाय कचऱ्यानं. आधी फिल्टर बदल. तरी मेली, तर मी सोता तुझ्याबरोबर गॅरेजला येते."

मग तू मला सामान निवडायला शिकवलंस. मला वाटलं होतं, गाडीचं नाव सांगायचं आणि डबा घेऊन जायचं. तू माझ्यासमोर दोन फिल्टर ठेवलेस, दोन्ही माझ्याच मॉडेलचे. म्हणालीस, बघ काय फरक दिसतो. मला काहीच दिसेना. तू एकाच्या नळीत करंगळीचं टोक घातलंस, दुसऱ्याच्या नळीत ते जाईना. त्याच गाडीत मधल्या एका वर्षी कंपनीनं नळ्या बदलल्या होत्या, आणि नवीनला खाली पाण्याचा सेन्सरही बसतो. "चुकीचा पन बसतो गो. जोर लावून पाइप चढवला की बसतो. मग हवा ओढतो नि रस्त्यात दगा देतो. म्हनून आरसी आन, नंबर बघू. नाहीतर जुना काढून आन, शेजारी ठेवून बघू. तोंडी सांगून फिल्टर घेऊ नये."

आणि नकली माल कसा ओळखायचा ते. "मासा घेताना कल्ला उचलून बघतेस ना, तसं." मी म्हणाले, आमच्या जालन्यात मासा म्हणजे सुका बोंबील, त्याचा कल्ला कुठला बघणार. तू कपाळाला हात लावलास. मग मासळी सोडून गव्हावर आलीस, की गहू घेताना मूठभर हातात घेऊन वजन बघतेस ना, दाताखाली चावून बघतेस ना. खरा फिल्टर हातात जड लागतो. त्याचा रंग कडेला ओघळलेला नसतो. रबरी रिंग मऊ असते आणि वेगळ्या पिशवीत येते. डब्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एक असतो. हे सगळं तू गिऱ्हाईक उभं असताना, त्यांना थांबवून सांगत होतीस. एक जण कुरकुरला, तर त्याला म्हणालीस, "तुमी पन ऐका, फुकट हाय."

मी विचारलं, बसवायला कोणाकडे नेऊ. तू म्हणालीस, "तुझ्याकडे ने."

रविवारी सकाळी तू खरंच आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलीस. हातात कापडी पिशवी. तिच्यात पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जुनी परात आणि एका डब्यात लाकडाचा भुसा. मला वाटलं तू करशील आणि मी बघेन. तू गाडीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलीस आणि म्हणालीस, "चल, हात घाल."

इंजिन गार आहे ना ते आधी बघायचं. फिल्टरखाली परात सरकवायची. कुठला पाइप आत येतो आणि कुठला बाहेर जातो, त्याला खूण करायची, तू माझ्या पर्समधली लिपस्टिक मागून तिनं खूण केलीस. ती लिपस्टिक पुन्हा वापरायची झाली नाही. मग क्लिपा ढिल्या करायच्या. पहिली क्लिप निघेना. माझा हात सटकला, नख तुटलं, ओंजळभर डिझेल बाहीवर आलं. मी म्हणाले, आपा, मला नाही जमणार. तू खुर्चीतून उठली नाहीस. म्हणालीस, "जमल. आज रविवार हाय, मला कुठं जायचं नाय."

जुना फिल्टर निघाला. तू तो परातीत पालथा करायला लावलास. खालून जे बाहेर आलं ते डिझेल म्हणायलाच नको, पाण्याचे गोळे, काळा गाळ, बारीक वाळू. तोवर खाली मुलं जमली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू भाजीची पिशवी घेऊन थांबल्या होत्या, आणि मिलिंद हातात चहा घेऊन उभा होता. तू परात त्याच्यापुढं धरलीस. "हे पिऊन पूल चढाल काय तुमी?" मिलिंदनं मान हलवली. त्यानं त्यानंतर गाडी विकायचं नाव काढलं नाही.

सेन्सर नव्यावर घातला, रिंगेला बोटानं डिझेल लावलं, पाइप खुणेप्रमाणे बसवले, क्लिपा आवळल्या. मग हातपंप, पाइपात शिरलेली हवा काढायला. तो रबरी फुगा मी दाबत राहिले, साठ, सत्तर वेळा, तो दगडासारखा घट्ट होईपर्यंत. किल्ली फिरवली. इंजिन जरा खोकलं, अडखळलं, आणि सुरू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतून उतरून तुला मिठी मारली, डिझेलच्या हातांनी, आणि तुझ्या पांढऱ्या ओढणीवर माझे दहाही ठसे उठले. तू ती ओढणी दुकानात पुसायला ठेवलीस आणि येईल त्याला ठसे दाखवत राहिलीस.

सोमवारी मी गव्हाण फाट्याचा पूल चौथ्या गिअरमध्ये चढले. वर पोचल्यावर तुला फोन केला. तू म्हणालीस, "गाडी चालवताना फोन करते, फिल्टर तुझ्या डोक्यात बसवायला हवा," आणि फोन ठेवलास.

त्यानंतरचे रविवार मला एकेक आठवतात असं म्हणणं खोटं होईल, ते सगळे एकमेकांत मिसळलेत. कधी जोशीकाकूंच्या मुलाच्या गाडीचा फिल्टर, कधी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मनीषाच्या व्हॅनचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी डिझेलच्या वासाची तक्रार केली, तेव्हा तू फरशीवर भुसा टाकून ती अशी लख्ख केलीस, की पुढच्या रविवारी तेच त्यांच्या गाडीची आरसी घेऊन खाली आले. भाई तोवर गेले होते. तू विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळून परत काउंटरवर बसलीस, तेव्हा मला म्हणालीस, "आता मला तुमी म्हनू नको. तू म्हन. तू म्हननारं कोन राह्यलं नाय." म्हणून मी आजही तू म्हणतेय.

आणि आपलं भांडण. नवीन फिल्टर बसवताना त्यात आधी डिझेल भरायचं की नाही. मी म्हणायचे, भरावं, गाडी पटकन सुरू होते, ऑफिसातले सगळे ड्रायव्हर भरतात. तू म्हणायचीस, अजिबात नाही. बाटलीतलं डिझेल कोणी गाळलंय? न गाळलेली घाण तूच तुझ्या हातानं इंजिनाच्या पोटात घालतेस. हात दुखला तरी चालेल, पंप मार. मी म्हणायचे, बाहेरच्या, गाळण्याच्या आधीच्या बाजूनं भरलं तर? तू म्हणायचीस, तुला अंधारात कुठली बाजू कळते. यावर आपण एकदा पाऊण तास भांडलो आणि दुकानात आलेल्या दोन मेकॅनिकपैकी एक तुझ्या बाजूनं झाला, एक माझ्या. ते भांडण मिटलं नाही. मला अजून वाटतं माझंही थोडं बरोबर होतं.

आता ती गोष्ट.

इतकी वर्षं गाडीचं सामान विकलंस, पण गाडी तुला चालवता येत नव्हती. मला हे कळायला वर्ष लागलं. मी म्हणाले, मी शिकवते. तू म्हणालीस, एकसष्टाव्या वर्षी? मी म्हणाले, तुला कुठं जायचंय, रविवार तर आहे. शिकाऊ लायसन काढलं. फोटोत तू इतकी रागावलेली दिसतेस, की सनानं तो फोटो फ्रिजवर लावला होता. द्रोणागिरीचे रुंद रस्ते रविवारी मोकळे असतात, गोदामं बंद, नुसते प्लॉट आणि खारफुटी. तिथं तू पहिल्यांदा स्टिअरिंग धरलंस. ताशी पंधराच्या वेगानं जाताना तू बिस्मिल्ला म्हणत होतीस आणि मी ब्रेक म्हणत होते.

फिल्टर बदलायची वेळ त्या सुमारास आली होती. ईदमुळे तुझं दुकान चार दिवस बंद होतं, तू गावी होतीस. मला थांबता आलं असतं. पण करंजाड्याला एका नातेवाइकांकडे गेले होते, तिथं एका दुकानात त्याच कंपनीच्या डब्यातला फिल्टर स्वस्त दिसला आणि घेतला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. रंग कडेला ओघळला होता. मला सगळं दिसलं होतं, आपा. तरी मी म्हटलं, चालतंय. घरी जाऊन बसवला, आणि तू परत आल्यावर तुला काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी द्रोणागिरीत तू गाडी चालवत होतीस. त्या दिवशी पहिल्यांदा तू तिसरा गिअर टाकला होतास आणि लहान मुलीसारखी खूश होतीस. तेवढ्यात दोन झटके बसले आणि गाडी बंद पडली. मला बसल्या जागी कळलं काय झालंय. तू उतरलीस. बोनेट उघडलंस. मी तुझ्या मागे उभी राहिले. तू वाकून फिल्टरकडे बघितलंस, त्याच्या रिंगेच्या कडेनं डिझेल पाझरत होतं. त्याच्या अंगावरून बोट फिरवलंस. क्लिप आवळलीस, हातपंप मारलास, गाडी सुरू झाली. परत बसताना म्हणालीस, "माझ्याकडनं क्लच सुटला असंल. आता तू चालव, सावकाश."

पहिल्यांदा तिसरा गिअर टाकल्याचा तुझा आनंद तू माझा खोटेपणा झाकायला टाकून दिलास. मी गाडी सावकाश घरी आणली आणि सगळ्या रस्त्यानं तू मला गावाकडच्या आंब्याचं सांगत होतीस. सोमवारी ऑफिसातून आले तर दारात डबा, आत नवा फिल्टर. वर चिठ्ठी नाही. सना ठेवून गेली, असं मिलिंदनं सांगितलं. मी त्याच संध्याकाळी बसवला. नंतर तुझ्याकडे आले, पैसे पुढं केले, तू म्हणालीस, "कसले?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलीस.

तो फिल्टर तुझ्या दुकानातला नव्हता, आपा. तुला माहीत होतं. पण मी सांगायला हवं होतं, आणि आज सांगतेय. चूक तुझ्या क्लचची नव्हती. तू त्या दिवशी फार छान चालवत होतीस.

आता शेवटचा दिवस. तो मी दुःखाचा म्हणून लिहिणार होते, पण लिहायला बसल्यावर वेगळंच आठवतंय.

पहाटे सनाचा फोन आला. झोपेतच तुझं हृदय थांबलं होतं. मी तुझ्या घरी आले, तेव्हा सना म्हणाली, दफन असरनंतर, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजानंतर, आणि खदिजाआपाला कळवलंय, पण ती एसटीनं वेळेत पोचायची नाही. तुझी मोठी बहीण, म्हसळ्याच्या पुढं खाडीकाठी एकटी राहणारी, मुलं आखातात. घरातले सगळे पुरुष दुसऱ्या धावपळीत. मी म्हणाले, मी आणते. सना म्हणाली, जायला चार, यायला चार तास. मी म्हणाले, गाडी ठीक आहे. ते मी कसं म्हणू शकले, ते तुला माहीत आहे.

पनवेल, पेण, माणगाव. जाताना मी रडत होते, म्हणून फार काही आठवत नाही. खदिजाआपा अंगणात तयार होऊन उभी होती, हातात काठी आणि एक पिशवी. गाडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तू ती काय गो, ठसेवाली?" तिला सगळं माहीत होतं. ओढणीसुद्धा.

मग ती बोलायला लागली. तू बारा वर्षांची असताना वडिलांच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं. वडील मिस्त्रीला आणायला गेले, तोवर तू ते अंगणात खोलून ठेवलंस, सगळे तुकडे चटईवर ओळीनं मांडून. वडील आले आणि मारायला धावले. तू माडाच्या मागे लपून ओरडलीस, "मारू नका, जोडायचं कसं ते मलाच माहीत हाय." आणि खरंच, मिस्त्रीला तुला विचारत विचारत ते जोडावं लागलं. खदिजाआपा हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. माणगावच्या गर्दीत पाऊण तास गाडी रांगेत होती, पण मला घाई वाटली नाही, एवढं हसत होतो आम्ही. माझी भीती तेवढ्यात गेली. गाडी कुठंही अडखळली नाही. सव्वातीनला मी तिला तुझ्या दारात उतरवलं.

तुला आंघोळ घालायला बायका तिच्यासाठीच थांबल्या होत्या. ती आत गेली. मी बाहेर जिन्यात बसले, जोशीकाकू आणि मनीषा शेजारी. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि खदिजाआपा बाहेर आली, बाह्या दुमडलेल्या, हात ओले. माझ्याशेजारी पायरीवर टेकली. म्हणाली, "सगळी न्हायली. कापूर लावला. एका बोटाच्या नखातला ऑइलचा काळा काय निघंना. तिघींनी घासला."

"मग?"

"मग मी म्हटलं, राहू दे. नायतर तिथं कोन ओळखनार हिला."

आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो, आपा. आतून सनानं डोकावून बघितलं, आणि तीही येऊन आमच्यात बसली.